‘पण श्वास तर चालू होता ना?’ – आणीबाणी येण्याआधी काय शिकून ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. फोन केला की रुग्णवाहिका येते, बाकीची माहिती मोबाइलवर मिळते. मग प्रथमोपचार आधीपासून शिकून ठेवण्याचा खरंच उपयोग होतो का? आणि अर्धवट ज्ञानाने उलट नुकसान तर होणार नाही?’

मी गेली बावीस वर्षं रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात डॉक्टर आहे आणि त्यातली बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी सामान्य लोकांचे प्रथमोपचाराचे वर्ग घेते. उपयोग होतो का, तर होतो, आणि बऱ्याचदा आमच्यापेक्षा तुमचाच जास्त होतो. हे विनयाने म्हणत नाही. एक प्रसंग सांगते.

एका रात्री साठीच्या एका गृहस्थांना आणलं. जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्याबसल्या ते कलंडले होते. मुलगा, सून, शेजारचे दोघे, सगळे तिथेच होते. फोन लगेच झाला, रुग्णवाहिका बारा मिनिटांत पोचली. बारा मिनिटं म्हणजे तशी लवकरच. त्या बारा मिनिटांत घरच्यांनी तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले, वारा घातला, हाका मारल्या. छाती कुणीच दाबली नाही. आम्ही चाळीस मिनिटं प्रयत्न केले, काही हाती लागलं नाही. बाहेर येऊन मुलाला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत म्हणाला, ‘पण मॅडम, श्वास तर चालू होता ना? मोठमोठ्याने घोरत होते ते.’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की प्रत्येक वर्गाची सुरुवात आता मी यानेच करते. हृदय अचानक बंद पडलं तरी मेंदूच्या बुडाशी असलेलं श्वासाचं केंद्र काही मिनिटं धडपडत राहतं. तोंड उघडतं, हनुवटी वर जाते, घोरल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक आचका. पाण्याबाहेर काढलेला मासा जसा तोंड उघडतो, तसं ते दिसतं. बघणाऱ्याला वाटतं श्वास चाललाय, माणूस बेशुद्ध पडलाय, येईल शुद्धीवर. खरं तर हृदय थांबल्याचीच ती खूण असते, आणि अचानक हृदय बंद पडलेल्या पुष्कळ लोकांत पहिल्या काही मिनिटांत ती दिसते. म्हणून नियम सोपा ठेवला आहे. खांदे हलवून, मोठ्याने हाक मारून प्रतिसाद नाही, आणि श्वास नाही किंवा नेहमीसारखा नाही, तर हृदय थांबलंय असं धरायचं आणि छाती दाबायला लागायचं. हे ठरवायला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही.

त्या मुलाला मी एवढंच म्हणाले की हे तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. ते खरंही होतं. पण तो आचका म्हणजे श्वास नव्हे, एवढी एकच गोष्ट त्या खोलीतल्या चौघांपैकी एकालाही ठाऊक असती तर त्या बारा मिनिटांत काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारण हिशेब सरळ आहे. हृदय थांबल्यावर छाती दाबली नाही आणि हृदयाचा ताल परत आणणारा, यंत्राने द्यायचा विजेचा झटकाही मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. मेंदूला चार-सहा मिनिटांतच इजा व्हायला लागते. छाती दाबल्याने हृदय सुरू होईलच असं नाही, पण मेंदूला आणि हृदयाच्या स्नायूला थोडंफार रक्त मिळत राहतं, आणि विजेचा झटका द्यायची वेळ येते तेव्हा तो लागू पडण्याजोगं काहीतरी शिल्लक असतं. १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाबण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की याला दोन हात सोडून काही लागत नाही. त्यांच्यापैकी कौवेनहोवेन तर डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते.

लोक शिकले म्हणून खरोखर माणसं वाचतात का? डेन्मार्कने हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलं. शाळेत आणि वाहन परवाना काढताना त्यांनी हे शिक्षण सक्तीचं केलं. २००१ साली तिथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २१ टक्के लोकांची छाती जवळच्या कुणीतरी दाबली होती; २०१० साली ते प्रमाण जवळजवळ ४५ टक्क्यांवर गेलं. त्याच काळात महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय शिकवण्याला देता येत नाही, उपचारही सुधारले होते. पण आकडा तिप्पट झाला आणि त्यात सामान्य माणसाच्या हातांचा वाटा आहे, याबद्दल मला शंका नाही.

आता मोबाइलबद्दल. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ना, ते इथे अक्षरशः घडतं. समोर आपलं माणूस पडलेलं असताना बोटं थरथरतात, काय शोधायचं तो शब्द आठवत नाही, पहिला व्हिडिओ सुरू होऊन मुद्द्यावर येईपर्यंत दोन मिनिटं जातात. पाचावर धारण बसलेली असताना मेंदू नवीन काही शिकत नाही; आधी हाताला लागलेली सवय तेवढी बाहेर काढतो. मोबाइलचा खरा उपयोग वेगळा आहे. आपत्कालीन क्रमांक लावा, स्पीकर चालू करा, फोन जमिनीवर ठेवा. पुष्कळ ठिकाणी पलीकडचा माणूस छाती कशी दाबायची ते सांगत, मोजत राहतो. त्याचं बोलणं समजायलासुद्धा आधी एकदा हाताने केलेलं असलं तर फार बरं पडतं.

हाताने करणं म्हणजे काय ते वर्गात बघावं. पहिल्यांदा सरावाच्या बाहुलीवर हात ठेवणारा माणूस हळुवारपणे, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर दाबतो. मी म्हणते, अजून. तो आणखी थोडा जोर लावतो. अजून. मग कोपर ताठ करून, खांदे बरोबर हातांच्या वर आणून तो वजन टाकतो, आतली पट्टी ‘टक्’ करून वाजते आणि तो दचकून माझ्याकडे बघतो: इतकं? हो, इतकं. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, कारण ती वर येते तेव्हाच हृदयात पुन्हा रक्त भरतं. मिनिटभरात कपाळावर घाम येतो, गुडघे दुखतात. दोन मिनिटांत, आपल्याला कळतही नाही, दाब उथळ होतो. म्हणून दुसरं कुणी असेल तर दर दोन मिनिटांनी आलटून पालटून करायचं. तो ‘टक्’ आवाज आणि ते दमणं कुठल्याही व्हिडिओतून अंगात उतरत नाही.

अर्धवट ज्ञानाची भीती मला सर्वात जास्त कळते, कारण ती भल्या माणसांना वाटते. पण त्यामागे एक समजूत दडलेली असते: आपण शिकलो नाही तर आपण काहीच करणार नाही, म्हणजे नुकसानही होणार नाही. तसं होत नाही. डोळ्यांसमोर कुणी तडफडत असताना हातावर हात धरून बसणारा माणूस मी पाहिलेला नाही. प्रत्येक जण काहीतरी करतोच, आणि जे करतो ते लहानपणी कुठेतरी पाहिलेलं, ऐकलेलं असतं. पाटी कोरी नसतेच. आकडी आलेल्याच्या दातांत चमचा घालतात. त्याने दात तुटतात, आणि जीभ ‘गिळली जाते’ हे मुळात खरंच नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततात, ते फुप्फुसात जातं. नाकातून रक्त आलं की मान मागे टाकतात, रक्त घशात उतरतं. मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबून धरायचा असतो. विष पोटात गेलं की उलटी करवतात. साप चावला की चिरा देतात, आवळून बांधतात, आणि रुग्णालय गाठायला उशीर होतो.

भाजलेल्या एका मुलाचा हात अजून डोळ्यांसमोर आहे. सात-आठ वर्षांचा असेल. उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत सांडलेलं आणि त्यावर पांढऱ्या टूथपेस्टचा जाड थर, वाळून तडकलेला. जखम किती खोल आहे हे बघण्यासाठी तो थर काढणं भाग होतं. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉजने आम्ही तो इंचाइंचाने सोडवत होतो, पोर किंचाळत होतं आणि आई भिंतीला टेकून ‘मला वाटलं थंड पडेल’ एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती. नळ तिच्या ओट्यावरच होता. भाजल्यावर साधं, थंड, वाहतं पाणी वीस मिनिटं. त्याआधी किंवा त्याच वेळी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायचं, कारण सूज येते. मग स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाकायचं. बर्फ नको, तेल नको, टूथपेस्ट नको. लगेच पाणी धरता आलं नाही, तर पहिल्या तीन तासांत केव्हाही धरलेल्या पाण्याचा फायदा होतो. त्या आईच्या मायेत काही कमी नव्हतं. मला राग येतो तो या गोष्टीचा, की इतकी साधी माहिती तिच्यापर्यंत कुणी पोचवली नाही.

म्हणजे प्रथमोपचार शिकताना निम्मं शिक्षण हे चुकीचं काढून टाकण्याचं असतं. आणि जे शिकवलं जातं ते सामान्य माणसाला जमेल असंच गाळून ठेवलेलं असतं. पूर्वी वर्गात नाडी तपासायला शिकवत. पुढे लक्षात आलं की घाबरलेल्या माणसाला नाडी धड सापडत नाही आणि त्यात मोलाचा वेळ जातो, म्हणून २००० सालच्या मार्गदर्शक सूचनांपासून सामान्यांसाठी ती पायरी काढूनच टाकली. ‘चुकून चालत्या हृदयावर दाब दिला तर?’ असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतं. माणूस हलेल, कण्हेल, हात झटकेल; तुम्ही थांबाल. गंभीर इजा त्यात क्वचितच होते. बरगडी मात्र मोडू शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसाची. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत जुळते.

शिकण्याचा आणखी एक भाग आहे, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही: शब्द. आपल्या बोलण्यात ‘झटका आला’ म्हणजे तीन निरनिराळे आजार. हृदयविकाराचा झटका, अर्धांगाचा झटका आणि फिटचा झटका. फोनवर कुणी ‘वडिलांना झटका आलाय, लवकर या’ म्हणालं तर मला काहीच कळत नाही, आणि तिन्हींत करायच्या गोष्टी वेगळ्या. छातीत दाब, घाम, जबडा किंवा डावा हात भरून येणं असेल आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, तर पलीकडचा माणूस ती गोळी चावून खायला सांगेल. अर्धांगात तीच गोळी घरी देणं घातक ठरू शकतं, कारण मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय की रक्तस्राव झालाय हे स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. ‘चक्कर’ आणि ‘गॅस’ हे शब्दही असेच. कित्येक हृदयविकार ‘पित्त झालंय’ म्हणून रात्रभर घरात राहतात. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर छातीत दुखेलच असंही नसतं, नुसता दम लागतो किंवा मळमळतं. म्हणून आजाराचं नाव सांगायच्या भानगडीत पडू नका. काय दिसतंय ते सांगा: बोलतोय का, श्वास कसा आहे, कोणती बाजू हलत नाही, किती वाजता सुरू झालं.

ती ‘किती वाजता’ची गोष्ट अर्धांगात सर्वात मोलाची. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतोय का. एक साधं वाक्य म्हणायला सांगा, जीभ जड झालीय का. यातलं एक जरी दिसलं तरी फोन करा, आणि माणूस शेवटचा व्यवस्थित कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवा. गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. काही निवडक रुग्णांत गाठ तारेने काढण्याचा उपचार त्यानंतरही होतो, पण वाट बघण्याने मेंदू जातच असतो. जेफ्री सेव्हर या मेंदूविकारतज्ज्ञांनी २००६ साली हिशेब मांडला होता: मोठ्या अर्धांगात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. ‘झोपू दे, सकाळपर्यंत बरं वाटेल’ या वाक्याची किंमत एवढी आहे. त्या वेळी खायला-प्यायलाही देऊ नका, गिळण्यावर ताबा नसेल तर ठसका लागतो.

रक्तस्रावाबद्दल जास्त लिहायची गरज नाही. जखमेवर थेट, जोराने, न थांबता दाब. काच फुटून दंड चिरलेल्या एका माणसाला त्याची बायको घेऊन आली होती. घडी केलेला टॉवेल तिने दोन्ही हातांनी दाबून धरला होता, तब्बल पंचवीस मिनिटं. आम्ही ‘सोडा आता’ म्हणालो तर तिची बोटं उघडेनात, आखडून गेली होती. चार वर्षांपूर्वी कामाच्या ठिकाणी झालेल्या प्रशिक्षणातलं तिला एकच वाक्य आठवत होतं: उचलून बघायचं नाही. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जातो. त्या एका वाक्याने तिचा नवरा वाचला.

घास अडकणं ही मात्र अशी वेळ आहे की रुग्णवाहिका कितीही जवळ असली तरी पुरत नाही. जोराने खोकणाऱ्याला खोकू द्या, मध्ये पडू नका. आवाजच निघत नाही, हात गळ्याशी गेलाय, ओठ निळे पडताहेत, तर पुढे वाकवून पाठीवर खांद्याच्या फऱ्यांमध्ये पाच दणके, आणि उपयोग झाला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके, आत आणि वरच्या दिशेने. पुन्हा दणके, पुन्हा झटके. बेशुद्ध पडला तर जमिनीवर आडवा करून छाती दाबायला लागा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधीही दाबायचं नाही. डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. दिसत नसलेली वस्तू बोट घालून चाचपडत काढू नका, ती आणखी आत जाते. ज्यांच्या घरात लहान मूल आहे किंवा गिळायला त्रास होणारं म्हातारं माणूस आहे, त्यांनी बाकी काही नाही तरी हे एवढं एखाद्या जाणत्यासमोर करून शिकावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्ञान सामान्य माणसाच्या हातात गेल्यावर काय होतं, याचं मला सर्वात भावलेलं उदाहरण १९७१ सालचं आहे. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या करवून घेतल्या, पिंपांत पाणी कालवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. सुमारे ३० टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला. पाजणारे कुणी डॉक्टर नव्हते. त्यांना फक्त काय आणि किती, एवढं माहीत होतं. ‘किती’ इथे महत्त्वाचं आहे: तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा पाच मिलीचा. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. म्हणून हे प्रमाण आजच कुठेतरी लिहून ठेवा.

तसाच आणखी एक कागद करा. घरातल्या प्रत्येकाचे आजार, चालू औषधं त्यांच्या मात्रांसह, ॲलर्जी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ठळक अक्षरांत. आम्ही पहिल्या मिनिटात हेच विचारतो आणि ‘एक पांढरी गोळी असते’ हेच उत्तर मिळतं.

वर्ग एकदा केला की झालं, असं नाही. छाती दाबण्याचं कसब तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं. मी घरी घट्ट उशीवर दोन मिनिटं मोजून दाबते. खोली कळत नाही, पण ताल आणि दम टिकतो.

प्रश्नात नव्हतं, तरी सांगायला हवं. सगळं बरोबर करूनही बहुतेक वेळा बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू होत नाही. डेन्मार्कच्या त्याच आकड्यांत दहापैकी नऊ जण वाचलेले नाहीत. ज्याने छाती दाबली त्याला मी बाहेर जाऊन मुद्दाम भेटते, त्याचे हात अजून कापत असतात, आणि त्याला सांगते की तुम्ही थांबला नाहीत म्हणून आम्हाला प्रयत्न करायला काहीतरी उरलं होतं. पुढचे काही दिवस तो प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिला, झोप उडाली, ‘मी चुकलो का’ हा प्रश्न सुटेना, तर एकट्याने सोसू नका, डॉक्टरांशी बोला. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.